दाराची पिवळी बाजू

१

आमच्या जुन्या घरात संध्याकाळी सात वाजता दोन गोष्टी व्हायच्या. टीव्हीवर बातम्या लागायच्या आणि सासूबाई कड्या लावायला निघायच्या.

पुढचं दार, मागचं दार, व्हरांडा, मधली खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या दोन खोल्या, न्हाणीघर, संडास, माळ्याचा जिना, आणि सगळ्यात शेवटी सामानाची खोली. आत कुणी आहे की नाही हे बघायची पद्धत नव्हती. माझा नवरा दोनदा न्हाणीघरात अडकलाय, त्यातला एकदा अंगाला साबण लावलेला असताना, आणि बातम्या संपेपर्यंत त्याच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. नंतर पाच मिनिटांनी कुणी कुठलीही कडी काढली तरी सासूबाईंची ना नसायची. एकदा सगळ्या लागल्या पाहिजेत, एवढंच. का, असं विचारलं तर कारण रोज वेगळं. मांजर, वारा, चोर. फार खोदून विचारलं तर, "सवय."

मोठ्यानं मोजत जायच्या. सामानाच्या खोलीत जरा जास्त वेळ लागायचा. मग बाहेर येऊन खुर्चीत टेकायच्या आणि म्हणायच्या, "बारा."

दारं अकरा होती.

हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मी याद्या करणारी बाई आहे. आमच्या घरात किती चमचे आहेत आणि त्यातला कुठला शेजारी गेलाय, हे माझ्या वहीत आहे. त्यामुळे लग्नानंतर वीस वर्षं मी रोज म्हणत आले, "आई, अकरा." आणि त्या रोज म्हणत आल्या, "बरं, अकरा." दुसऱ्या दिवशी परत बारा.

माझी दुसरी सवय म्हणजे हिसका. कुलूप, गाडीचं दार, कपाट, काहीही लावलं की मी ते एकदा ओढून बघते. एकदाच, पण जोरात. कन्या म्हणते, चोरानं आईला कुलूप तपासताना बघितलं तर तो कुलपाची दया येऊन परत जाईल. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंच्या मागे मागे फिरत होते आणि त्यांनी नुकत्याच लावलेल्या एका कडीला मी असाच हिसका दिला. त्यांच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला. घरंगळत कोपऱ्यापर्यंत गेला. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"असं करत जाऊ नकोस," म्हणाल्या. "निदान मी असताना."

नव्या सुनेनं आपलं काम तपासलेलं कुठल्या सासूला आवडेल, असं म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

२

दोन वर्षांपूर्वी सासूबाई चष्मा विसरायला लागल्या. मग गॅसवरचं दूध. मग एकदा माझ्या नवऱ्याला त्यांनी त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारली, आणि हे नेमकं माझ्या नणंदेच्या समोर झालं. ताई परगावी असतात. त्या एखादी गोष्ट ठरवायला जेवढा वेळ घेतात, तेवढ्या वेळात आमच्याकडे चहाचं आधणसुद्धा येत नाही. त्यांनी आईला डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले.

डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. सगळं बरोबर आलं. मग बोलता बोलता कड्यांचा विषय निघाला, तेव्हा ते हसून म्हणाले, "मग आजी, तुमच्या घरात दारं किती?"

"बारा."

आणि मी, शहाणी, पटकन म्हटलं, "अकरा." नुसतं म्हटलं नाही, बोटांवर मोजून दाखवली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

त्यानंतर सहा महिन्यांत आम्ही घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. छत गळत होतं, भिंतींना भेगा होत्या, आणि सासूबाईंना खाली स्वतःची खोली हवी होती. पण ताईंचं म्हणणं वेगळं पडलं. नव्या घरात आई आणखीच गोंधळेल. तुम्ही राहायला गेलात की आठवड्यानं मी येते, डॉक्टरांना परत दाखवू, आणि त्यांचं मत तेच असेल तर मी तिला आमच्या गावच्या केंद्रात ठेवते, तिथं अशा माणसांची छान काळजी घेतात. नवरा गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की मी इथंच बरी.

हे सगळं माझ्या त्या एका 'अकरा'वर उभं होतं. ताईंनी फोनवर प्रत्येकाला तोच किस्सा सांगितला होता. वाईट माझ्याबद्दल कुणीच बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

३

घर पाडायच्या आधी ते सोलतात, हे मला माहीत नव्हतं. आधी नळ, मग तारा, मग खिडक्या, मग दारं. आम्ही तोवर दोन गल्ल्या सोडून एका भाड्याच्या घरात राहायला गेलो होतो. मी रोज सकाळी वही आणि खडू घेऊन जुन्या घरी जायचे. दारांचं लाकूड चांगलं होतं आणि नवऱ्याचा हट्ट होता की नव्या घराला हीच दारं बसवायची. नव्या नकाशातही बरोबर अकरा दारं होती. म्हणून प्रत्येक दार निघालं की त्यावर खडूनं आकडा टाकायचा आणि वहीत लिहायचं, हे काम माझ्याकडे.

दारं काढणारे सुतारकाका साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांनी ती अंगणात भिंतीला ओळीनं टेकवून ठेवली होती. मी एका टोकापासून आकडे घालत निघाले आणि दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा माझ्या हातानं बारा लिहिलं.

माझं गणित कच्चं आहे हे घरात सर्वमान्य आहे. मी परत मोजली. मग उलटीकडून मोजली. मग वहीतली यादी घेऊन एकेका दाराला हात लावत गेले: हे पुढचं, हे मागचं, हे न्हाणीघराचं, खाली कुजलेलं. अकरा दारांना मी ओळखत होते. बारावं अनोळखी होतं.

म्हणजे अगदीच अनोळखी नाही. रंग आमचाच होता. काही वर्षांपूर्वी मी दोन डब्यांतला उरलेला रंग एकत्र करून घरची सगळी दारं स्वतः रंगवली होती, आणि तो रंग उकडलेल्या वाटाण्यासारखा झाला होता. तसा रंग जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही, कुणी विकायला धजावणार नाही. बाराव्या दारावर तोच होता. माझ्या ब्रशचा गळून पडलेला एक केससुद्धा त्यात चिकटलेला होता.

मला आठवलं, तेव्हा मी अकरा दारांचा हिशोब करून रंग कालवला होता आणि शेवटी तो कमी पडला होता. एका दाराइतका. घरात सगळे हसले होते. मीही हसले होते.

४

मी सुतारकाकांना विचारलं, हे कुठलं?

"सामानाच्या खोलीतलं. उजव्या भिंतीचं."

"त्या भिंतीला दार नव्हतं, काका."

"होतं म्हणून तर काढलं, वहिनी. मागं वीट होती. कुणीतरी मागून बुजवलेलं."

मी आत जाऊन बघितलं. छत काढलेलं होतं, त्यामुळे त्या खोलीत पहिल्यांदाच ऊन पडलं होतं आणि ती ओशाळल्यासारखी दिसत होती. उजव्या भिंतीत दाराच्या मापाची उघडी वीट होती. ही भिंत मला पाठ होती. याच भिंतीवर मी एक खिळा ठोकला होता, तो माझ्या हातून नेहमीप्रमाणे वाकला होता, आणि बारा वर्षं मी त्या वाकड्या खिळ्याला छत्री अडकवत होते. मी भिंतीवर खिळा शोधला. नव्हता.

तो दारावर होता. वाटाण्याच्या रंगात, माझ्या खांद्याच्या उंचीला, डावीकडे वाकलेला.

मनाची समजूत घालायला मी हुशार आहे. खोलीत दिवा मिणमिणता होता. रंग सगळीकडे सारखा. समोर कायम पोती, डबे, जुना पंखा. रोजच्या गोष्टीकडे माणूस बघतच नाही. माझ्या नवऱ्यानं मिशी काढली तेव्हा मला चौथ्या दिवशी कळलं होतं. तेव्हा दाराला भिंत समजणं अगदीच अशक्य नाही. असं मी स्वतःला दोनदा सांगितलं आणि दुसऱ्या वेळेला मला ते पटलंसुद्धा.

मग सुतारकाकांनी दार फिरवून दाखवलं.

मागची बाजू पिवळी होती. मऊ, उन्हाळ्यातल्या सकाळसारखी. ब्रशची एक रेघ दिसत नव्हती, कडा नीट घासलेल्या, मूठ तेल लावून पुसलेली. मुठीशेजारी तळहात रोज टेकून टेकून गुळगुळीत झालेली एक जागा होती. आमच्या बाकीच्या दारांना दोन्हीकडून कड्या. ह्याला एकच, आमच्या बाजूला. पिवळ्या बाजूला काहीच नाही.

"हे कुणी राखलंय," काका म्हणाले. नंतर थोड्या वेळानं म्हणाले, "विटेच्या बाजूनं."

मला आठवतंय, मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, की हे रंगवणारीला माझ्यापेक्षा रंग कळतो.

५

भाड्याच्या घरीही सासूबाई सात वाजता उठायच्या. फिरून यायच्या आणि म्हणायच्या, "पाच."

मी मोजली. पाचच होती.

महिनाभर मी रोज मनातल्या मनात तपासत होते. एकदाही सहा झाली नाहीत. उलट तिथं त्या शांत झोपत होत्या, चष्मा सापडत होता. एका दुपारी त्या मटार सोलत बसल्या होत्या तेव्हा मी सांगितलं, की आई, दारं बारा निघाली.

"मग?"

"मग काही नाही. तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. दोन शेंगा सोलल्या. "मागून कसं आहे गं ते?"

"तुम्ही कधी बघितलं नाही?"

"मी कडी लावणारी. उघडणारी नाही."

मी म्हटलं, पिवळं आहे. त्यांचे हात थांबले.

"छान आहे?"

"आपल्यापेक्षा छान."

त्यांनी मान हलवली. एखाद्या शेजारणीची इतकी वर्षं नुसती खोकल्याची ओळख असावी आणि एके दिवशी कुणी सांगावं की तिच्या हाताला चव आहे, तशी.

मी त्याच दिवशी ताईंना फोन केला. मोठ्या उत्साहानं. आई बरोबर होती, दार खरंच होतं, माझं चुकलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की ज्या दारामागे वीट आहे त्या दाराला चाळीस वर्षं रोज संध्याकाळी कडी लावणं हे ठणठणीत माणसाचं लक्षण आहे का? ताईंशी बोलताना मला उत्तर कधीच सुचत नाही, पण या वेळी तर प्रश्नच बरोबर होता.

६

आता माझी चूक सांगते. म्हणजे मोठी चूक.

नव्या घराचा नकाशा नवऱ्याकडे होता आणि दारांची यादी माझी. मिस्त्रीनं माझी यादी प्लास्टिकमध्ये घालून खांबाला बांधली होती, कारण नकाशा बघायला साहेबांना बोलवावं लागतं आणि यादी कुणालाही वाचता येते. यादीत दारं बारा होती. नकाशात अकरा. मिस्त्री भला माणूस. त्याला वाटलं, बाईंना एक जास्तीची खोली हवी असणार आणि साहेबांना सांगायचा धीर होत नसणार. त्यानं बोळाच्या टोकाला तीन फूट बाय पाच फुटांची एक खोली काढली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

सामानाला जागा मिळतेय म्हटल्यावर घरात कुणीच तक्रार केली नाही. मीही केली नाही.

बाकीची अकरा दारं काकांनी तासून, पॉलिश करून नवी केली. बारावं मी तसंच ठेवायला सांगितलं. पिवळी बाजू बोळात दिसू दे, म्हटलं. ती इतकी सुंदर होती आणि वाटाणा मला लोकांना दाखवायचा नव्हता.

"मग कडी आत जाईल, वहिनी."

"जाऊ दे की. सामानाच्या खोलीला आतून कडी कोण लावणार आहे?"

मी माझ्याच विनोदाला हसले. काका हसले नाहीत. बाहेरून एक नवी कडी बसवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इतक्या छान रंगाला भोकं कशाला पाडायची?

७

राहायला गेलो त्या दिवशी सात वाजता सासूबाई उठल्या. नवं घर, नव्या खोल्या, पण त्या अडखळल्या नाहीत. मी मागे होते. अकरा झाल्यावर त्या बोळाच्या टोकाला आल्या आणि पिवळ्या दारासमोर थांबल्या.

आधी त्यांनी ते नुसतं बघितलं. मग हात लावला, त्या गुळगुळीत जागेवर. त्यांचा तळहात तिथं बसला नाही, जागा थोडी मोठी होती.

"कडी कुठाय?"

"आत गेली, आई. दार फिरवून लावलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गच्चीवरून काहीतरी खाली टाकलेल्या मुलाकडे बघतो ना आपण, राग नसतो, ते कुठं जाऊन पडतंय तेवढं बघायचं असतं, तसं. मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि एक पाऊल मागे सरकून उभ्या राहिल्या.

मी विचारणार होते, की आता कशाची वाट बघायची. तेवढ्यात आत कडी चढली.

तो आवाज मला वीस वर्षं माहीत होता. लोखंड उचललं जातं, कोयंड्यावर बसतं, खट्.

"बारा," सासूबाई म्हणाल्या आणि बातम्या बघायला गेल्या.

मी दार ढकललं. हललं नाही. नवऱ्याला बोलावलं, त्यानं खांदा लावला आणि सांगितलं, नव्या भिंतीला ओल असते, लाकूड फुगतं. सकाळी दार उघडंच होतं. आत आमच्या बॅगा, पंखा, पांढऱ्या फरशा आणि मागे सरळ भिंत. मी भिंतीवर टकटक केलं. भरीव.

सुतारकाकांना बोलावून घेतलं. त्यांनी कडी दोनदा वर करून सोडून बघितली. "आपोआप पडेल," म्हणाले, "आपोआप चढणार नाही." आणि चहा न घेता गेले.

एकच गोष्ट होती. छत्री मी आदल्या दिवशी बॅगांवर फेकली होती. ती आता माझ्या वाकड्या खिळ्याला अडकवलेली होती. नीट, पट्टी गुंडाळून.

८

घाबरायला हवं होतं, पण मला उत्सुकताच फार. तिसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना मी बोळात फरशीवर पालथी पडले आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला. या वयात पालथं पडणं सोपं, उठणं हा वेगळा कार्यक्रम असतो, पण तो नंतरचा विचार.

पांढऱ्या फरशा दिसायला हव्या होत्या. मला लाल जमीन दिसली. आमच्या जुन्या घराची होती तशी, पण आमची कधीच नव्हती इतकी चकचकीत. आणि ती तीन फुटांवर संपत नव्हती. लांबवर जात होती, आणि त्या टोकाला कुठूनतरी डावीकडून उजेड येत होता.

त्या उजेडातून आवाज येत होते. पावलं, मग थांबणं, मग खट्. पावलं, थांबणं, खट्. कुणीतरी दारं लावत येत होतं. घाई नव्हती, आळसही नव्हता. मधे एकदा एक लहान मूल काहीतरी म्हणालं आणि त्याला कुणीतरी हळू आवाजात गप्प केलं.

मी सवयीनं मोजायला लागले. अकरावी खट् झाली तेव्हा लाल जमिनीवर सावली पडली आणि मी उठले. कशी उठले ते विचारू नका.

९

ताई येणार त्याच्या आदल्या दुपारी मी सासूबाईंजवळ बसले. मी म्हटलं, उद्या डॉक्टर परत विचारतील. त्या म्हणाल्या, विचारू देत.

"तुम्हाला कधी भीती नाही वाटली?"

"कडी लावायला नाही वाटायची." त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "लावल्यावर वाटायची. लावली की पलीकडून एक हिसका यायचा. रोज. एकच, पण जोरात."

मी माझ्या हाताकडे बघितलं.

"रागानं नाही गं. लागली की नाही, एवढं बघितल्यासारखा. पण चाळीस वर्षांत सवय नाही झाली."

"आणि कधी लावायची राहिली तर?"

"एकदा राहिली होती."

"मग?"

"मग परत राहिली नाही," त्या म्हणाल्या, आणि चहा टाक म्हणाल्या.

१०

डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला. ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून. इतके दिवस मला त्या कडक वाटत होत्या. तिथं बघितलं तर नुसत्या घाबरलेल्या होत्या.

"आणि आजी, नवीन घरात दारं किती?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"अकरा," त्या म्हणाल्या.

ताईंनी झटकन माझ्याकडे वळून बघितलं. घरातल्या चमच्यांचीसुद्धा यादी ठेवणारी मी. मी म्हटलं, "बरोबर. अकरा."

डॉक्टर हसले आणि या वेळी त्यांनी अगदी थोडं लिहिलं. घर बदलल्याचा फायदाच झालाय, म्हणाले. ताई बाहेर येऊन रडल्या, आईच्या गालाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकट्या परत गेल्या. केंद्राचा विषय परत निघाला नाही.

ताईंना सोडून परत येताना गाडीत सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "खरं बोलून बघितलं होतं. त्यानं काय झालं ते तू बघितलंस."

"माझं चुकलं, आई."

"चुकलं. पण आता मी अकरा म्हटलंय. उद्या तोंडातून बारा निघालं तर परत ते सगळं चालू होईल." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हलका होता आणि मोकळा झाल्यासारखा वाटत होता. "आजपासून तू बघ."

११

सात वाजता मी उठले. नवरा म्हणाला, आता हिलाही लागलं. कन्या म्हणाली, बाबा, न्हाणीघरात जाऊ नका. सासूबाई बातम्या बघत होत्या आणि त्यांनी मान वळवली नाही.

मी कड्या लावत गेले. लावली, हिसका, पुढची. लावली, हिसका, पुढची. अकरा झाल्या. बोळाच्या टोकाला पिवळं दार ओढून घेतलं आणि उभी राहिले. बोळात नव्या रंगाचा वास होता, बाहेरून बातम्या सांगणारीचा आवाज येत होता.

पलीकडून पावलं आली. या वेळी सावकाश, जरा अडखळत, नव्या माणसासारखी. दारापाशी थांबली. लोखंड उचललं गेलं, एकदा घसरलं, परत उचललं गेलं. खट्.

मी "बारा" म्हणायला तोंड उघडलं, आणि हात आपला आपण पुढे गेला. मुठीला एक हिसका. एकच, पण जोरात.

पलीकडे काहीतरी खाली पडलं. लहान, धातूचं. बहुतेक पेला. तो लाल जमिनीवर घरंगळत लांब कोपऱ्यापर्यंत गेल्याचं मला ऐकू आलं. त्यानंतर इतकी शांतता झाली, की कुणीतरी भिंतीला धरून उभं आहे हे मला दाराअलीकडूनही कळलं.

त्याला आता चार महिने झाले. रोज निघताना मी ठरवते, की बाराव्या दाराला हिसका द्यायचा नाही. पण कडी नीट लागलीय की नाही, हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही.